यंत्राची पारख

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, मुंबई-आग्रा महामार्गावर पिंपळगाव बसवंत हे गाव वसलेले आहे. द्राक्षे, कांदा आणि टोमॅटो यांच्या बाजारपेठेमुळे या गावाचे नाव दूरदूरच्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. हंगामात येथील बाजार समितीच्या आवारात वाहनांच्या रांगा लागतात आणि लिलावाच्या आवाजाने सारा परिसर गजबजून जातो. या आवारात कोणताही माल नुसता पाहून विकत घेतला जात नाही. व्यापारी ढिगातला कांदा उचलतो, बोटांनी दाबून पाहतो, त्याचा आकार, रंग आणि पत्ती निरखतो आणि मगच भाव बोलतो.

या पारखीत एक मोठे तत्त्व दडलेले आहे. खरिपाचा लाल कांदा दिसावयास मोठा देखणा असतो; परंतु तो फार दिवस टिकत नाही. उलट उन्हाळ कांदा नीट सुकवून हवेशीर चाळीत ठेवला, तर चार-पाच महिने राहतो. म्हणून जाणता मनुष्य केवळ रूप पाहत नाही. माल किती टिकेल हेही पाहतो. द्राक्षांच्या बाबतीतही तसेच आहे. घड कितीही टपोरा दिसला, तरी बागाईतदार मण्याच्या रसाचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या छोट्या उपकरणाच्या काचेवर ठेवतो, ते उजेडाकडे धरतो आणि रसातील गोडी अंकांत मोजतो. डोळ्यांना जे दिसते, त्याची खात्री तो मोजमापाने करून घेतो.

परंतु हीच चोखंदळ माणसे मोबाइल किंवा संगणक विकत घेण्यासाठी दुकानात गेली, म्हणजे पुष्कळदा त्यांची पारख दाराबाहेरच राहते. चकचकीत पाठ, मोठमोठे आकडे आणि जाहिरातीतील हसरे चेहरे पाहून मन भुलते. शेजाऱ्याने नवे यंत्र घेतले, एवढेच कारण कित्येकांना पुरेसे वाटते. वस्तुतः अशा यंत्राला काही हजार रुपये पडतात, आणि ते पैसे घरातील कोणीतरी ऊन-पाऊस सोसून मिळविलेले असतात. तेव्हा कांद्याची जी परीक्षा होते, ती यंत्राची का होऊ नये?

यंत्राची परीक्षा करावयाची, तर प्रथम त्याचे अंतरंग समजून घेतले पाहिजे. संगणक असो वा मोबाइल, त्याचे मुख्य भाग सारखेच असतात. गणिते करणारा, आज्ञा पाळणारा भाग म्हणजे प्रोसेसर. चालू काम ज्यात तात्पुरते मांडले जाते, ती रॅम नावाची स्मृती. छायाचित्रे, पत्रे, पुस्तके ज्यात कायम राहतात, ती साठवण. यांखेरीज पडदा आणि वीज पुरविणारी बॅटरी. शेतकऱ्याच्या घरातील उदाहरण घेतले, तर साठवण म्हणजे धान्याचे कोठार, रॅम म्हणजे मळणीचे खळे आणि प्रोसेसर म्हणजे खळ्यात राबणारे हात होत. कोठार प्रचंड असून खळे अगदी लहान असेल, तर काम अडून राहते. खळे विस्तीर्ण असून राबणारे हात थोडे असतील, तरी काम अडतेच. म्हणून एकाच मोठ्या आकड्यावर भाळणे योग्य नव्हे. सर्व भागांचा मेळ पाहिला पाहिजे. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. मेगापिक्सेलचा आकडा मोठा असला म्हणजे छायाचित्र चांगले येतेच असे नाही. भिंग आणि प्रकाश टिपणारा भाग यांची गुणवत्ताही तितकीच महत्त्वाची असते.

हे आकडे आज किती वाढले आहेत, हे जाणण्यासाठी थोडे मागे पाहिले पाहिजे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक रं. नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली एक मोठा संगणक बांधण्यात आला. तो १९६० साली कार्यान्वित झाला आणि १९६२ साली त्याला ‘टिफरॅक’ हे नाव मिळाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. त्याच्या स्मृतीत २,०४८ शब्द मावत आणि प्रत्येक शब्द ४० द्विमान अंकांचा, म्हणजे शून्य आणि एक या चिन्हांचा असे. आज चार गिगाबाइट रॅम असलेला साधा मोबाइल घेतला, तर त्याची ही स्मृती टिफरॅकच्या सुमारे चार लाख पट भरते! आणि तरीही त्या जुन्या यंत्रावर शास्त्रज्ञांनी महत्त्वाची गणिते सोडविली. यावरून असे दिसून येते की, यंत्राचे मोल त्याच्या शक्तीपेक्षा त्याच्याकडून करून घेतलेल्या कामावर अधिक अवलंबून असते. ‘सर्वांत वेगवान यंत्र कोणते?’ हा प्रश्न जाहिरातीचा आहे. ‘माझ्या कामाला पुरेसे यंत्र कोणते?’ हा प्रश्न शहाण्या ग्राहकाचा आहे.

पिंपळगाव परिसरातील द्राक्षबागाईतदाराचे काम पाहावे. त्याला हवामानाचा अंदाज वेळेवर हवा असतो. कारण अवकाळी पावसाच्या एका सरीने वर्षाची मेहनत वाया जाऊ शकते. वेलीच्या पानावर केवड्याचे डाग दिसताच त्याचे छायाचित्र जाणकाराकडे पाठवून सल्ला घ्यावा लागतो. द्राक्षे युरोपात पाठवावयाची असतील, तर बागेची नोंदणी करावी लागते. त्यासाठी अपेडा या शासकीय संस्थेने २००६ साली ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय व्यवस्था सुरू केली. परदेशात पोहोचलेली पेटी कोणत्या बागेतून आली, याचा माग तिच्या साहाय्याने काढता येतो. या सर्व कामांसाठी कसा मोबाइल हवा? भर उन्हात पडदा वाचता यावा, एकदा भारित केलेली बॅटरी दिवसभर पुरावी, धूळ आणि फवारणीचे तुषार यांनी यंत्र बिघडू नये. खेळांसाठी बनविलेल्या महागड्या यंत्रात हे गुण असतीलच असे नाही, आणि एखाद्या साध्या यंत्रात ते असूही शकतात.

मराठी माणसाने आणखी एक परीक्षा अवश्य करावी. ती म्हणजे यंत्राला मराठी नीट येते की नाही. संगणकाचा जन्म रोमन लिपीच्या प्रदेशात झाला. त्यामुळे आपल्या काना-मात्रा आणि जोडाक्षरे त्याला शिकवावी लागली. कानपूरच्या आयआयटीमध्ये मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरच्या दशकात ‘जिस्ट’ हे तंत्र विकसित केले. संगणकात एक जादा पट्टिका बसविली की भारतीय लिप्या पडद्यावर उमटत. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि हे कार्य तेथे पुढे वाढले. तरीही पुष्कळ वर्षे एक अडचण होती. निरनिराळ्या अक्षरसंचांचे संकेत निरनिराळे असत. त्यामुळे एका संगणकावर लिहिलेले मराठी पत्र दुसऱ्यावर उघडले की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. सर्व लिप्यांसाठी ‘युनिकोड’ ही समान संकेतप्रणाली आली, तिचा वापर वाढला आणि ही अडचण दूर होऊ लागली. म्हणून दुकानात यंत्र हाती येताच ‘द्राक्षबागाईतदार’ किंवा ‘ज्ञानेश्वर’ असा एखादा शब्द लिहून पाहावा. जे यंत्र आपली भाषा सहजतेने लिहू देते, ते घरातील आजीपासून नातवापर्यंत सर्वांच्या उपयोगी पडते.

आता टिकाऊपणाचा विचार करू. वस्तू लवकर निकामी झाली, तर तिच्या विक्रेत्याचा लाभ होतो. कारण ग्राहक पुन्हा दुकानात येतो. याचे एक जुने उदाहरण विजेच्या दिव्यांचे आहे. १९२४ साली काही मोठ्या दिवा-उत्पादकांनी जिनीव्हा येथे एकत्र येऊन एक संघ स्थापन केला आणि दिव्याचे आयुष्य सुमारे १,००० तासांवर आणण्याचे ठरविले. अलीकडचे उदाहरण निराळ्या प्रकारचे आहे. जुनी बॅटरी क्षीण झाल्यावर मोबाइल अचानक बंद पडू नये, म्हणून जुन्या आयफोनची गती कमी केल्याचे ॲपल या कंपनीने २०१७ साली मान्य केले. कारण तांत्रिक होते. परंतु मालकांना त्याची स्पष्ट कल्पना नव्हती. आपले यंत्र म्हातारे झाले, असे अनेकांना वाटले. खरे पाहता त्यांना नवे यंत्र नको होते, केवळ नवी बॅटरी हवी होती! पुढे त्या कंपनीने बॅटरी बदलून देण्याचे शुल्क बरेच कमी केले.

तथापि उत्पादकाचीही बाजू ऐकून घेतली पाहिजे. यंत्र बारीक असावे, त्यात पाणी शिरू नये, अशी ग्राहकाचीच इच्छा असते. आणि घट्ट बंद केलेले यंत्र उघडणे स्वाभाविकच कठीण जाते. शिवाय फार जुन्या यंत्राला सुरक्षिततेच्या नव्या सुधारणा मिळेनाशा झाल्या, तर त्यातील खाजगी माहिती आणि बँकेचे व्यवहार धोक्यात येऊ शकतात. म्हणून जुने ते सर्व चांगले किंवा नवे ते सर्व वाईट, असे मानणे हा विवेक नव्हे. विकत घेतानाच तीन प्रश्न विचारावेत: या यंत्राला सुधारणा किती वर्षे मिळतील? बॅटरी बदलता येते काय, आणि त्यास खर्च किती? दुरुस्ती जवळपास कोठे होते?

असे प्रश्न विचारण्याचा ग्राहकास हक्क आहे. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली आणि महाराष्ट्रात ग्राहकांच्या चळवळीला जोम आला. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा संमत झाला. त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली. खरेदीची पावती जपून ठेवणे, हमीपत्र वाचणे, मोबाइल आणि चार्जर यांवर भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीची खूण पाहणे, या गोष्टी लहान असल्या तरी संकटकाळी त्यांचाच आधार होतो. तक्रार असल्यास १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीकडे दाद मागता येते. ग्राहक जागरूक झाले म्हणजे उद्योगही बदलतात. पूर्वी मोबाइलगणिक चार्जर वेगळा असे. युरोपीय संघाने कायदा करून २०२४ च्या डिसेंबरअखेरीपासून नव्या मोबाइलसाठी एकाच प्रकारची जोडणी बंधनकारक केली.

यंत्राविषयी इतरांची मते घेतानाही तारतम्य बाळगावे. स्तुती करणाऱ्यास त्या स्तुतीचा मोबदला मिळत असेल, तर ती जाहिरातच होय. कालच यंत्र घेतलेल्या मनुष्याच्या बोलण्यात नवलाई असते. दोन वर्षे वापरलेल्या मनुष्याच्या बोलण्यात अनुभव असतो. पहिल्याचे ऐकून आनंद मानावा, परंतु दुसऱ्याचे ऐकून निर्णय घ्यावा.

अखेर, टाकून दिलेल्या यंत्राचे काय होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्याच्या पाव हिश्शाचीही रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद झाली नाही. या कचऱ्यात तांबे आणि सोने यांसारखे मौल्यवान धातू असतात, तसेच शिसे आणि पारा यांसारखी विषारी द्रव्येही असतात. तो उघड्यावर जाळला तर हवा दूषित होते आणि मातीत मिसळला तर जमीन व पाणी नासते. ज्या भूमीत द्राक्षाचा वेल वाढवावयाचा, तिच्यात हे विष मुरू देणे कोणाला परवडेल? म्हणून निकामी यंत्र अधिकृत संकलन केंद्राकडेच दिले पाहिजे. आणि त्याहूनही उत्तम म्हणजे ते निकामी होण्याचा दिवस शक्य तितका लांबविला पाहिजे.

यंत्र हे मनुष्याचे साधन आहे. जो आपली गरज ओळखून ते निवडतो, जपून वापरतो, बिघडल्यास दुरुस्त करून घेतो आणि शेवटी योग्य ठिकाणी सोपवितो, तो यंत्राचा धनी असतो. जो केवळ नवेपणाच्या मोहाने एकामागून एक यंत्रे घेत सुटतो, त्याच्या हाती यंत्र असते खरे. परंतु तो स्वतः मात्र जाहिरातीच्या हाती असतो.

अभ्यास

१. व्यापारी कांद्याची पारख कशी करतो? त्यावरून यंत्र घेणाऱ्याने कोणता बोध घ्यावा?
२. कोठार, खळे आणि राबणारे हात या उदाहरणातून यंत्राचे कोणते भाग समजावून दिले आहेत?
३. टिफरॅकचे उदाहरण या पाठात कशासाठी दिले आहे?
४. ‘नवे ते सर्व वाईट, असे मानणे हा विवेक नव्हे.’ या विधानाची कारणे सांगा.
५. वाक्यांत उपयोग करा: तारतम्य बाळगणे, दाद मागणे, वाया जाणे, भाळणे.
६. तुमच्या घरातील एखादे यंत्र किती वर्षे वापरात आहे, ते कितीदा दुरुस्त झाले आणि त्याचा कोणाला काय उपयोग होतो, याविषयी दहा ओळी लिहा.