दिसतंय तोवर शिकून घे

नाशिक

चि. ओंकार,

परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, फोन सगळं वाचून दाखवतो, मग ब्रेल कशाला शिकू? आणि मला तर अजून दिसतंय." प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर दोन वाक्यांत उरकणं मला बरं वाटलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय. मेलने पाठवतो. अक्षर मोठं करून वाच किंवा ऐक, पण पूर्ण कर.

"अजून दिसतंय" हे तुझं म्हणणं आधी घेतो. रेटिनायटिस पिग्मेंटोसा तुझ्या आजोळाकडून आलेला आहे. माझ्या मामांना होता, मला आहे, आता तुला. आपल्याकडचा प्रकार आईमार्फत मुलात उतरतो. आईला स्वतःला सहसा फारसा त्रास होत नाही. ताई स्वतःला दोष देते हे मला ठाऊक आहे. आमच्या आईनेही आयुष्यभर दिला. यात कोणाचाही दोष नाही, हे तिला माझ्यापेक्षा तू सांगितलेलं जास्त पटेल.

या आजारात आधी अंधारातलं दिसणं जातं, मग कडेचं. मधलं बराच काळ टिकतं. म्हणून तू वर्तमानपत्र वाचू शकतोस आणि अर्धवट उघड्या दारावर आपटतोसही. पुढे किती जाईल आणि किती लवकर, हे माणसागणिक वेगळं असतं, त्यामुळे मी तुला तारखा सांगणार नाही. एवढं मात्र ठामपणे सांगतो की शिकायची वेळ आत्ता आहे. आत्ता तुला ठिपके डोळ्यांनीही दिसतात, कीबोर्ड दिसतो, यंत्र काय बोललं आणि पडद्यावर काय आहे हे ताडून पाहता येतं. नजर पूर्ण जाईपर्यंत जो थांबतो, त्याला दुःखही तेव्हाच सोसावं लागतं आणि शिकणंही तेव्हाच करावं लागतं. माझे मामा असेच थांबले. मी त्यांना शेवटची वीस-पंचवीस वर्षं रेडिओजवळ बसलेलं पाहिलंय.

आता ब्रेल. फोनवर ऐकणं फार मोठी सोय आहे, मी दिवसभर तेच करतो. पण ऐकून मजकूर कळतो, लेखन कळत नाही. 'दिन' आणि 'दीन' फोन उच्चारतो तेव्हा कानाला फरक कळणं कठीण. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे 1951पासून आपल्या देशात सगळ्या भाषांसाठी चालत आलेल्या लिपीत, हा फरक बोटाखाली येतो. सहा ठिपक्यांची चौकट असते, डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन आणि उजवीकडे चार, पाच, सहा. ऱ्हस्व इ म्हणजे दोन आणि चार. दीर्घ ई म्हणजे तीन आणि पाच, तोच आकार एक पायरी खाली सरकलेला. शिवाय आपण हाताने 'दि' लिहिताना वेलांटी द च्या आधी येते. ब्रेलमध्ये जसं बोलतो तसं, आधी द आणि मग इ. नुसत्या ऐकण्यावर शिकलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. बोलायला लागली की ऐकत राहावं, आणि अर्ज लिहायला बसली की दर ओळीत तीन चुका. मुलाखतीआधी तो अर्जच वाचला जातो रे.

दुसरं कारण कामाचं. बँकेत मी टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागलो. तेव्हा आपल्यासारख्यांना बहुधा तेवढंच काम देत. नंबर ब्रेलमध्ये टोचून ठेवायचो. कानावर पडलेला नंबर दुसरा फोन वाजला की निसटायचा, कागदावरचा हाताशी राहायचा. आजही भाषण करायचं असेल तर मुद्दे ब्रेलमध्ये काढतो. कानात इअरफोन घालून समोरच्यांशी बोलता येत नाही.

सुरुवात साध्या स्लेटपासून कर. कागद पट्टीत अडकवायचा आणि उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, कारण वाचताना कागद उलटायचा असतो. पहिले काही दिवस डोकं गरगरेल, मग हात आपोआप चालतो. ब्रेलची पुस्तकं जाडजूड असतात हे खरं. त्यावर ब्रेल डिस्प्ले हा उपाय आहे. त्यात बारीक पिना वरखाली होऊन एक-एक ओळ बोटाखाली उमटते. ऑर्बिट रीडरसारख्या त्यातल्या त्यात स्वस्त यंत्रात एका वेळी वीस चौकटी येतात. पण ते पुढचं. आधी बोटं तयार होऊ देत. तुझ्या वयात ती लवकर तयार होतात.

संगणकावर एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर घाल. पूर्वी स्क्रीन रीडर म्हणजे जॉज, आणि त्याची किंमत ऐकून शाळा-कॉलेजं गप्प बसायची. 2006मध्ये मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने एनव्हीडीए लिहायला घेतलं, जेम्स तेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला, आणि दोघांनी ते सगळ्यांना फुकट दिलं. विकत घेण्याची ऐपत हीच अंध माणसाच्या शिक्षणाची अट असू नये, एवढं त्यांना स्वतःच्या अनुभवातून कळलं होतं. मी या दोघांचा फार ऋणी आहे. त्यातला मराठी आवाज यांत्रिक वाटेल, कंटाळू नकोस. वेग थोडा थोडा वाढवत ने. गोड आवाज वेग वाढवला की गिचमिड होतात, हा स्पष्ट राहतो. सराव करताना पडदा बंद ठेव. फोनवर वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅकचंही तेच. उजवीकडे बोट सरकवलं की पुढची गोष्ट, दोनदा टिचकी मारली की ती उघडते. डोळे उघडे ठेवून टॉकबॅक शिकलास तर तू डोळ्यांनीच शिकशील.

कॉलेजमधून नोट्स मिळतील तेव्हा एक अडचण हमखास येईल, आणि ती खास आपल्या मराठीची आहे. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली फाईल डोळ्यांना मराठी दिसते, संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरं असतात. कृतिदेवमधला 'मराठी' हा शब्द एनव्हीडीएने अक्षरं सुटी करून वाचला तर तुला ऐकू येईल इ, जे, के, बी, एच. तुझं यंत्र बिघडलंय असं समजू नकोस. सरांना नम्रपणे पण स्पष्ट सांग की फाईल युनिकोडमध्ये हवी. पानांचे फोटो काढून बनवलेली पीडीएफ असेल तर ती ओसीआरमधून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रणालीतून, काढावी लागते, आणि जोडाक्षरांत गफलती होतात. म्हणून शक्यतो मूळ वर्ड फाईलच माग. आपल्या वापरासाठी पुस्तक स्कॅन करायला संकोचू नकोस. 2012च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्यातच दिव्यांगांसाठी ती मुभा आहे. पुस्तकांबाबतचा मराकेश करार 2013मध्ये झाला आणि 2014मध्ये त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत होता. 'सुगम्य पुस्तकालया'त नाव नोंदव, तिथे तयार पुस्तकं मिळतात.

परीक्षेचं ताई विचारत होती. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळायला हवीत, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार. लेखनिक मिळतो, पण त्याच सूचनांत शक्य तिथे संगणकावर, ब्रेलमध्ये किंवा मोठ्या अक्षरात पेपर देण्याचाही पर्याय आहे. बोर्डाकडे अर्ज कॉलेजमार्फत वेळेत जाऊ दे. लेखनिक घेतलास तर त्याच्यासोबत आधी सराव पेपर सोडव. विरामचिन्हं, नवा परिच्छेद, अधोरेखन हे सगळं तोंडी सांगावं लागतं, आणि ऐनवेळी ते सुचत नाही.

सगळ्यात तातडीचं काम मात्र प्रमाणपत्राचं. इथे आपल्या आजाराच्या मुलांचं फार नुकसान होतं. तक्त्यावरची अक्षरं तू खालपर्यंत वाचशील आणि टक्केवारी कमी लागेल. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात नजरेचा विस्तारही मोजायचा असतो. दृष्टिक्षेत्र 40 अंशांपेक्षा कमी असेल तर अल्पदृष्टी, 10 अंशांपेक्षाही कमी असेल तर अंधत्व. तेव्हा पेरिमेट्रीचा, म्हणजे दृष्टिक्षेत्र मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट घेऊनच जा आणि डॉक्टरांना तो पाहायची विनंती कर. 40 टक्क्यांचा दाखला मिळाला की उच्च शिक्षणातल्या 5 टक्के आणि सरकारी नोकरीतल्या 4 टक्के जागांचा रस्ता खुला होतो. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, दाखल्यासोबतच अर्ज कर.

पांढऱ्या काठीवरून तू चिडलास, ते मी मनावर घेतलेलं नाही. मीही चिडलो होतो. काठी हातात आणि डोळे मोबाईलवर, असं पाहिलं की लोक ढोंगी म्हणतात, दिव्यांगांच्या डब्यात तर तोंडावर म्हणतात. त्यांना शांतपणे सांग, "मला समोरचं दिसतं, बाजूचं आणि खालचं दिसत नाही." नाही पटलं तर सोडून दे. पण संध्याकाळी सातनंतर काठीशिवाय बाहेर पडू नकोस, ही मामाची आज्ञा समज. आधी साध्या काठीने चालणं नीट शीक. दोन पावलं पुढचं टोकाने तपासायचं, जिना उतरताना पायरीची कड हाताला कळली पाहिजे. पण आपल्या फुटपाथवर गाड्यांची छपरं, पाट्या, झाडांच्या फांद्या कपाळाच्या उंचीवर असतात, त्या काठीला लागत नाहीत. त्यासाठी दिल्लीच्या आयआयटीने स्मार्टकेन केली आहे. अडथळा आला की मूठ थरथरते. मी ती वापरतो आणि माझ्या कपाळाला तिचा फार उपयोग झालाय.

बँकवाल्याची एक सूचना. नोटा बोटांनी ओळखायला शीक. शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नव्या नोटांची रुंदी सारखीच, 66 मिलिमीटर. लांबी 142, 146 आणि 150. म्हणजे फरक अवघ्या चार मिलिमीटरचा. कडेच्या उठावाच्या रेषाही पाहा, शंभरला चार, पाचशेला पाच. जुन्या नोटेवर त्या झिजलेल्या असतात, तेव्हा रिझर्व्ह बँकेचं मणी ॲप फोनवर ठेव. ते इंटरनेटशिवाय चालतं.

साधनं हाताशी आली तरी दारं आपोआप उघडत नाहीत, हेही आत्ताच समजून घे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत 773वा क्रमांक मिळवला आणि दृष्टी नाही म्हणून त्यांना रेल्वे लेखा सेवा नाकारली गेली. पुढच्या प्रयत्नात त्यांनी 124वा क्रमांक आणला आणि आयएएस झाल्या. पण प्रत्येकाने नकाराला असं दुप्पट कष्टांनीच उत्तर द्यावं, ही अपेक्षा मला मान्य नाही. 30 एप्रिल 2025ला सर्वोच्च न्यायालयाने केवायसीच्या, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याच्या पद्धतीवरच्या, खटल्यात सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या 21व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या बाईंना कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून दाखवा म्हणणारी ती पद्धत. अंध माणसाचंही तिथेच अडायचं. याचिका करणाऱ्यांत एक अंध वकील होते.

तेव्हा एखाद्या ॲपवर टॉकबॅक नुसतंच 'बटण' म्हणाला आणि ते बटण कशाचं हे कळलं नाही, तर शेजारच्याला फोन देऊन काम उरकू नकोस. ॲपचं नाव, आवृत्ती, कोणता पडदा, टॉकबॅक काय बोलला आणि काय बोलायला हवं होतं, एवढं लिहून कंपनीला पाठव. उत्तर नाही आलं तर पुन्हा पाठव आणि त्याची प्रत मला. माझ्याकडे अशा पत्रांची फाईल आहे, आणि त्यातल्या काहींमुळे बटणांना खरंच नावं मिळाली आहेत. पासवर्ड आणि पिन मात्र कोणालाही, मलासुद्धा, सांगायचे नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस इकडे ये. स्लेट, स्टायलस आणि ब्रेलचा जाड कागद आणून ठेवलाय. येताना पेरिमेट्रीच्या रिपोर्टची मूळ प्रत आण, झेरॉक्सवर काळे भाग नीट उमटत नाहीत. तुझी मामी तो पाहील आणि अर्ज आपण इथेच बसून भरू. ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा