संकेतस्थळाचे पान : दृश्य संपादकाची ओळख

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळील सर्न संस्थेत वेबचा पहिला ब्राउझर तयार केला. त्यात पान वाचणे व लिहिणे ही दोन्ही कामे होत असत. पुढे ही सोय मागे पडली आणि पान तयार करण्यासाठी एचटीएमएलच्या खुणा शिकणे भाग पडले. दृश्य संपादकामुळे ही अडचण दूर झाली आहे. लिहिणाऱ्याने मजकूर मांडावा; खुणा संपादक स्वतः घालतो.

वर्डप्रेस या मुक्त प्रणालीत डिसेंबर २०१८ मध्ये आलेला संपादक हे याचे चांगले उदाहरण होय. त्यात शीर्षक, परिच्छेद, तक्ता, चित्र अशा ठोकळ्यांनी पान रचले जाते. अधिकच्या चिन्हावर टिचकी देऊन ठोकळा निवडावा, मजकूर लिहावा, पान कसे दिसेल ते तपासावे आणि मगच ते प्रसिद्ध करावे.

मजकूर युनिकोडमध्येच टंकित करावा. जुन्या टंकातील मजकूर दुसऱ्या यंत्रावर निरर्थक अक्षरांत उमटतो. शीर्षकासाठी अक्षरे केवळ ठळक न करता शीर्षकाचाच ठोकळा वापरावा व चित्राला पर्यायी मजकूर द्यावा. पान वाचून दाखविणारी प्रणाली वापरणाऱ्या अंध व्यक्तींना याच खुणांचा आधार असतो.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी माहिती स्वतःहून व लोकांना सहज मिळेल अशी प्रसिद्ध करावयाची असते. जमाखर्चाचे नुसते छायाचित्र लावल्याने हा हेतू पुरता साधत नाही. तोच हिशेब तक्त्यात लिहिल्यास ग्रामस्थाला तो शोधता येतो, पडताळता येतो आणि ग्रामसभेत त्यावर प्रश्न विचारता येतो.