नदीकाठी इंग्रजीचा पाठ

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी हा विषय इयत्ता पहिलीपासून शिकविला जातो. पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला होता. या दोन विषयांची सांगड घातल्यास दोहोंचाही लाभ होतो.

नांदेडनजीक विष्णुपुरी येथे गोदावरीचे पाणी अडविलेले आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही येथेच आहे. अशा ठिकाणी नदी हेच पाठ्यपुस्तक होऊ शकते. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांवर जलपर्णी फोफावते. ती कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्च होतो आणि मासे मरतात. ही कार्यकारणाची साखळी प्रथम मराठीत उमगली, म्हणजे 'बिकॉज' आणि 'देअरफोर' या शब्दांनी वाक्ये जोडणे ग्रामीण विद्यार्थ्यास जड जात नाही.

याहून मोलाचा धडा कर्मणी प्रयोगाचा आहे. 'द रिव्हर इज पोल्यूटेड' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु नदी कोणी दूषित केली, हे त्यातून कळत नाही. शिक्षकाने 'बाय हूम?' असे विचारताच विद्यार्थ्यास वस्तीचे सांडपाणी, शेतातून वाहून येणारी खते, कारखान्यांचे दूषित पाणी यांचा विचार करावा लागतो. कर्ता सापडला की वाक्य पूर्ण होते आणि जबाबदारीही स्पष्ट होते. हीच वाक्ये मराठीत ग्रामसभेपुढे मांडली गेली, तर वर्गातील अभ्यास गावाच्या कामी येईल.