माशीचा गळ : आधीं पाहणें, मग फेंकणें



गांडूळ लावलेला गळ ओढ्यांत टाकून बसलेले लोक तुम्हीं पाहिले असतील. इंग्लंडांत ह्याहून निराळी एक रीत आहे. तींत पिसें, रेशीम व लोंकर बारीक गळावर गुंडाळून खोटी माशी करतात, आणि ती खरी समजून मासा तिला तोंड घालतो. ही विद्या तलावावर कशी शिकावी, हें ब्लॅगडनच्या उदाहरणानें पाहूं.

ब्लॅगडन हा सॉमरसेट परगण्यांतील तलाव. ब्रिस्टल शहरास पाणी पुरविण्यासाठीं नदीस बांध घालून तो केला, व १९०४ सालीं तेथें मासेमारी सुरू झाली. त्यांत ट्राउट जातीचे मासे सोडतात. ह्या माशास थंड व प्राणवायूनें भरलेलें पाणी लागतें. म्हणून आपल्या उष्ण मैदानांतील तळ्यांत तो जगत नाहीं.

साहित्य थोडेंच लागतें. सुमारें दहा फूट लांबीची लवचीक काठी, तिच्या मुठीजवळ रीळ, पाण्यावर तरंगणारी जाड दोरी, आणि दोरीच्या टोंकास नायलॉनचा बारीक पारदर्शक धागा. साध्या गळास शिसें बांधतात व तेंच दोरीस ओढून नेतें. परंतु माशी पिसासारखी हलकी, म्हणून येथें दोरीचेंच वजन माशीस वाहून नेतें.

फेंकण्याचा अभ्यास प्रथम गवतावर करावा, आणि माशीऐवजीं लोंकरीचा तुकडा बांधावा. काठी हा घड्याळाचा कांटा समजा, व तुमचें तोंड नवाच्या आंकड्याकडे आहे असें माना. काठी वेग वाढवीत मागें न्यावी व एकाच्या आंकड्यावर थांबवावी. दोरी मागें सरळ होईपर्यंत क्षणभर वाट पाहावी. मग काठी पुढें आणून दहावर थांबवावी. नवशिका चुकतो तो ह्या क्षणांतच. त्याला धीर धरवत नाहीं, आणि दोरी पायांशीं गोळा होऊन पडते. बळ कमी पडलें असें वाटून तो अधिक जोर लावतो, व गुंता अधिकच वाढतो.

फेंक साधली तरी मासा सांपडेलच असें नाहीं. तलावावर पोंचतांच पाण्यांत उतरूं नये. पहांटे व संध्याकाळीं ट्राउट पुष्कळदां अगदीं कांठाशीं येतो, आणि पावलांचा धक्का त्यास तात्काळ कळतो. दहा मिनिटें मागें उभें राहून पाहावें : वारा कोणीकडे वाहतो, कोणते किडे उडत आहेत, पाण्यावर वर्तुळें कोठें उठतात.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत ब्लॅगडन येथील डॉक्टर हॉवर्ड बेल ह्यांनीं ही पाहण्याची संवय फार पुढें नेली. मोठ्या, भडक माश्यांवर न विसंबतां, मासे खरोखर काय खातात हें त्यांनीं धरलेल्या माशांच्या पोटांतील अन्न पाहून तपासलें. तळ्याच्या चिखलांत डांसासारखे दिसणारे पण न चावणारे किडे वाढतात; त्यांचे कोश सावकाश वर येतात व मासे ते वाटेंतच टिपतात. बेल ह्यांनीं तशाच लहान, साध्या रंगाच्या माश्या बांधून त्या पाण्याखालून हळूहळू ओढल्या. ही रीत आजहि चालते. अशा वेळीं दोरीच्या टोंकावर नजर ठेवावी. तें ओढलें जातांच काठी उचलावी.

कांहीं नियम मात्र कधींहि मोडूं नयेत. डोळ्यांवर चष्मा व डोक्यावर टोपी असावी. काठी धरलेल्या हाताच्या बाजूनें जोराचा वारा येत असेल, तर जागा बदलावी, नाहींतर गळ तोंडावर येतो. विजेच्या तारांजवळ किंवा ढग गडगडत असतां काठी उभारूं नये. हल्लींच्या कार्बनच्या काठींतून वीज वाहते. मासा खावयाचा असेल तर त्यास लगेच मारावें. सोडावयाचा असेल तर हात ओले करून पाण्यांतच गळ काढावा. त्यास तडफडत ठेवणें हा खेळ नव्हे, क्रूरपणा होय.

पहिल्या दिवशीं टोपली बहुधा रिकामीच येते. तरी घरीं येतांना स्वतःस विचारावें : आज मासे काय खात होते? ह्याचें उत्तर ज्यास देतां आलें, त्याचा पहिला पाठ पुरा झाला.