मुदत टळलेली फिल्म

गेल्या वर्षीं एका विद्यार्थ्यानें आजोबांच्या ट्रंकेंत सांपडलेला जुना कॅमेरा मजकडे आणिला. आंत अर्धवट वापरलेली फिल्म तशीच होती. "सर, यांत आजी असेल का?" असें त्यानें विचारिलें. आजी त्याच्या जन्मापूर्वींच वारली होती.

मित्रहो, प्रकाश पडतांच फिल्मवर चित्र दिसत नाहीं. जिलेटिनमध्यें पसरलेल्या चांदीच्या क्षारकणांवर केवळ एक सूक्ष्म खूण उमटते. डेव्हलपर नांवाचें रसायन अशा कणांची काळी चांदी करितें. परंतु वर्षें लोटलीं म्हणजे उष्णतेनें व दमटपणानें प्रकाश न लागलेले कणही त्या रसायनास वश होऊं लागतात, आणि साऱ्या पट्टीवर करडें धुकें चढतें. म्हणून मुदत टळलेल्या कोऱ्या फिल्मवर आज चित्र घ्यावयाचें असल्यास प्रकाश अधिक द्यावा लागतो. दर दहा वर्षांमागें दुप्पट, असा छायाचित्रकारांचा ठोकळ अदमास आहे. (माझ्या पहिल्या रोलास मीं तो दिला नाहीं, छत्तीस चित्रांत छत्तीस ढग आले!) पूर्वींच घेतलेल्या चित्रास मात्र ही सोय नाहीं.

११ जुलै १८९७ रोजीं आंद्रे, स्ट्रिंडबर्ग व फ्रेंकेल हे तीन स्वीडिश गृहस्थ स्पिट्सबर्गेनजवळील एका बेटावरून फुग्यांत बसून उत्तर ध्रुवाकडे निघाले. तीन दिवसांत फुगा बर्फावर उतरला. पायीं परततांना स्ट्रिंडबर्ग चित्रें घेत होता. अखेर क्वितोया या हिमबेटावर तिघेही वारले. १९३० सालीं त्यांचे अवशेष सांपडले, व त्यांजबरोबर फिल्मही. तेहतीस वर्षांनंतर स्टॉकहोम येथें जॉन हर्ट्झबर्ग यांनीं सुमारें २४० पैकीं ९३ चित्रें वांचविलीं. थंडीनें रसायनांची झीज मंदावली होती. ओलाव्यानें मात्र ठिपके पाडिले होते. एका चित्रांत आडवा पडलेला फुगा व त्याजपाशीं उभे दोघे दिसतात. तिसरा कॅमेऱ्यामागें आहे.

आमची फिल्म बर्फांत नव्हे, माळ्यावर तापलेली होती. अंधारांतच तिच्या कोऱ्या टोंकाचा तुकडा कापून प्रथम त्यावर प्रयोग केला. धुक्यास आवर घालण्यासाठीं डेव्हलपरमध्यें थोडें पोटॅशियम ब्रोमाइड घातलें व भांडें गार पाण्यांत ठेविलें. (कोणा पालकांस असा कॅमेरा सांपडल्यास त्यांनीं तो उजेडांत उघडूं नये.) पांचांपैकीं दोन चित्रें आलीं. दुसऱ्यांत विहिरीपाशीं एक स्त्री उभी आहे. चेहरा धुक्यांत गेला आहे. पदर खांद्यावर कसा घेतला आहे तेवढें दिसतें. मुलाच्या वडिलांनीं तेवढ्यावरूनच तिला ओळखिलें.