दगडांखालचा कारभार

घराच्या आवारात शिलोद्यान करवून घेण्याचा ज्यांचा मनोदय असेल, आणि त्यासाठी एखाद्या मक्तेदाराच्या हाती बयाणा ठेवण्याच्या बेतात जे असतील, त्यांनी पुढील मजकूर वाचल्याखेरीज एक पैसाही देऊ नये, एवढीच माझी विनंती आहे. मी हे शांत चित्ताने लिहीत आहे असा माझा दावा नाही. ज्या गृहस्थाने आमच्या आवाराची नासाडी केली तो आजही याच साताऱ्यात, आमच्याच परिचितांच्या ओसऱ्यांवर बसून, तीच छायाचित्रे दाखवीत असतो. आणि ज्यांनी त्याचे ऐकून घेतले त्यांच्यापैकी दोघींनी मला, तुमच्या हातून पाणी जास्त झाले असेल, असे तोंडावर ऐकवले. तेव्हा खरे काय घडले ते एकदा तपशीलवार सांगितलेच पाहिजे.

विहिरीमागची आमची जागा उतरती, उन्हाची आणि मुरमाड. शिलोद्यानाला याहून अनुकूल जागा शोधून सापडायची नाही, आणि तिथे काय लावावे याचा वस्तुपाठ तर यवतेश्वराच्या घाटात रोज पाहायला मिळतो. काळ्या पाषाणाच्या भेगेत, मूठभरही माती नसलेल्या ठिकाणी, थोर आणि पानफुटी आषाढाचा मारा सोसून उभी असतात, कारण अंगावर पडलेले पाणी क्षणभरही मुळाशी थांबत नाही. कासच्या सड्यावर पाणी थांबते हे खरे, आणि गेंद व सीतेची आसवे त्या साचलेल्या ओलीतच फुलतात. परंतु त्यांचा सगळा जन्म एका पावसाळ्याचा. वर्षानुवर्षे दगडात टिकून राहणारी, खोडापानांत पाण्याचा साठा करणारी मांसल झाडे मात्र, पाणी जिथून वाहून जाते तिथेच तग धरतात. सारे आयुष्य मी शाळेत भूगोल शिकवण्यात घालवले असल्यामुळे पाणी, उतार आणि खडक यांचा परस्परसंबंध मला कोणी समजावून देण्याची गरज नव्हती.

मक्तेदार आला तो छायाचित्रांची चळत घेऊन. त्यातली बरीचशी इंग्लंड-स्वित्झर्लंडकडची होती. रेजिनाल्ड फॅरर या यॉर्कशरमधील उद्यानज्ञाने १९०७ साली 'माय रॉक गार्डन' हा ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या लेखनामुळे इंग्रजांच्या घरोघरी आल्प्सच्या माथ्यावरची झाडे लावण्याची हौस वाढीस लागली; परंतु ती झाडे हिवाळाभर बर्फाखाली निजणारी, थंड उन्हाळ्याची. त्यांना आपल्याकडचा दमट उकाडा मानवणे शक्य नाही. तसे मी म्हणताच त्याने लगोलग दुसरे छायाचित्र काढले आणि 'चंदीगडसारखं करून देतो' म्हणाला. चंदीगडचे ते स्थान, १९७६ साली लोकांना खुले झालेले, नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरशा यांतून घडवलेली शिल्पसृष्टी आहे. झाडांसाठी दगड मांडण्याच्या कलेशी त्याचा संबंध फार थोडा. जो मनुष्य या दोहोंतला भेद जाणत नाही, त्याने स्वतःस शिलोद्यानाचा तज्ज्ञ म्हणवून घ्यावे, याची मला तेव्हाही चीड आली होती.

मी त्याला पहिल्याच बैठकीत स्पष्ट विचारले, की वरून येणारे पाणी दगडांखालून बाहेर कसे काढणार? त्याने उत्तर दिले ते माझ्याकडे न पाहता. 'काकू, ते आमच्यावर सोडा,' एवढे म्हणून त्याने खुर्ची आमच्या यजमानांकडे वळवली आणि त्यांना विचारले, 'सर, बजेट किती धरायचं?' पुढच्या प्रत्येक भेटीत हेच. प्रश्न मी विचारावा आणि उत्तर यजमानांना मिळावे. दगड कोणता, माती कुठली, झाडे कधी लावणार, यांपैकी एकाही प्रश्नाला त्याने मला सरळ जबाब दिला नाही. करारनाम्यात मात्र 'तण येऊ नये म्हणून दगडांखाली कापड' असे एक कलम त्याने आपणहून घातले होते आणि त्याची वेगळी रक्कम लावली होती. विशिष्ट प्रकारचे विणलेले कापड अंथरले तर त्यातून पाणी झिरपते आणि तण बऱ्याच अंशी अडते, हे मला ठाऊक होते. म्हणून मी त्या कलमास हरकत घेतली नाही.

आम्ही लग्नकार्यासाठी पुण्यास गेलो असता, परत येईतो थांबा असे बजावून गेलेले असूनही, त्याने सर्व दगड बसवून टाकले. परतलो तो दर्शनी भाग झकपक दिसत होता. काळा पाषाण, नदीचे गोटे आणि पांढऱ्या संगमरवराची कच अशी सरमिसळ करून सांधे सिमेंटने भरलेले. मध्ये तीन-चार गोल, सोनेरी काट्यांचे निवडुंग, भोवती अडेनियम आणि कोरफड. येणारा-जाणारा वाहवा करी. मला सिमेंट खटकले आणि मी ते बोलून दाखवले. त्यावर 'पक्कं काम आहे, काकू' असे उत्तर मिळाले.

आषाढात पावसाची संततधार लागली, आणि काही दिवसांत त्या निवडुंगांपैकी सर्वांत मोठा एका अंगाला कलला. तो सरळ करावा म्हणून जाड फडक्यात धरून मी किंचित उचलला, तर वरचा सगळा गोळा मुळांवाचून अलगद हाती आला. वरून काट्यांची सोनेरी झळाळी जशीच्या तशी, आणि तळाशी तपकिरी, पिळपिळीत लगदा. कुजट वास असा की मान फिरवावी लागली. त्या खळग्यात हात घातला तर बोटांना काळी चिकण माती चिकटून आली, जी शेतात कापसाला उत्तम, पण पावसात फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी असल्यामुळे अशा झाडांना सर्वथा वर्ज्य. यजमानांनी पहार आणून खळगा खोल केला. जेमतेम वीतभर खाली पहारीचे टोक कशावर तरी घसरले. माती बाजूला सारली तेव्हा खाली चकाकत होते ते निळे प्लास्टिक, ताडपत्रीचे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड अंथरलेले. पहार त्यातून आरपार घातली, तशी वर साचलेले काळपट पाणी त्या भोकातून गुळगुळ आवाज करीत मुरमात शिरू लागले. कापडाचे पैसे घेऊन त्याने आमच्या बागेखाली हौद बांधून ठेवला होता. आणि ज्या तणासाठी हा खटाटोप, तो लव्हाळा त्या प्लास्टिकाला सुईसारखी भोके पाडून जागोजाग वर आलेलाच होता.

त्याच संध्याकाळी मी त्याला बोलावून ते प्लास्टिक दाखवले. त्याने प्रथम पाऊस यंदा जास्त झाल्याचे सांगितले. मग झाडे नाजूक होती असे म्हणाला. आणि शेवटी, जे मी विसरणार नाही, असे बोलला की काही जणांच्या हाताला झाडे लागतच नाहीत. प्लास्टिकाबद्दल मात्र अवाक्षर नाही. करारनाम्यातील कलम त्याच्यापुढे धरले, तेव्हा 'कापड म्हणजे हेच, सगळे हेच घालतात' असे त्याने यजमानांकडे पाहूनच सांगितले. पैसे परत मिळाले नाहीत.

पुढे ते सगळे उपसून नव्याने मांडले ते एका वयस्कर वडार मामांनी, ज्यांनी उभे आयुष्य दगडाशी काढले आहे. त्यांनी एकही छायाचित्र दाखवले नाही. प्रत्येक दगड फिरवून त्याची बसती बाजू कोणती ते पाहिले, आणि मला विचारले, 'बाई, पाणी कुठनं काढायचं?' इतक्या महिन्यांत हा प्रश्न मला विचारणारे ते पहिलेच. त्यांच्याकडून आणि या प्रकरणातून जे शिकायला मिळाले ते पुढे देत आहे.

पहिली गोष्ट निचऱ्याची. जागेवर फूटभर खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा, मुरू द्यावा आणि पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी काही तासांत उतरले नाही, तर खाली खडी किंवा विटांचे तुकडे यांचा वीतभर थर देऊन, उताराच्या बाजूस पाण्याला बाहेर पडायला वाट ठेवल्याशिवाय एकही दगड बसवू नये. प्लास्टिक कोणत्याही सबबीवर घालू देऊ नये. त्या थरावर एक भाग माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग बारीक खडी वा मुरूम असे मिश्रण घालावे. अशा झाडांना खताचा लोभ नसतो.

दुसरी गोष्ट तणाची. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या गुंफलेल्या असतात आणि एक गाठ राहिली तरी पुन्हा फुटते, हरळीचेही तेच. एकदा दगड बसल्यावर त्यांखालची गाठ काढणे अशक्य होते, म्हणून मांडणीपूर्वीच्या उन्हाळ्यात जमीन टिकावाने उकरून गाठी हाताने वेचून टाकाव्यात. याला दुसरा उपाय नाही, आणि तो आहे असे जो सांगेल तो तुम्हाला काहीतरी विकू पाहत आहे असे खुशाल समजावे.

दगड एकाच जातीचा असावा, शक्यतो आपल्याच परिसरातला. साताऱ्यात काळा पाषाण, कोकणात जांभा शोभतो. दोहोंची खिचडी करू नये. प्रत्येक दगडाचा निदान तिसरा हिस्सा जमिनीत जावा, म्हणजे तो हलत नाही आणि तिथलाच वाटतो. सर्वांत मोठे दगड आधी, थर एका दिशेस, आणि पाठ किंचित आतल्या बाजूस झुकती ठेवावी, जेणेकरून पाणी मुळांकडे जाऊन खालच्या थरातून निघून जाईल. सांध्यांत सिमेंट नको; त्याच भेगा तर झाडांच्या जागा आहेत. संगमरवराची पांढरी कच उन्हात झाडांवर ताप फेकते, तेव्हा वरून त्याच दगडाची बारीक खडी पसरावी, म्हणजे झाडाची मान कोरडी राहते.

मोजमापाविषयी विशेष सावध राहावे. दगड ब्रासने मोजला जातो, आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. परंतु सैल टाकलेल्या ढिगात तिसऱ्या हिश्शाहूनही अधिक पोकळी असू शकते, आणि तिचेही पैसे आपणच देतो. ढीग नीट रचून घेऊन मगच आपल्या देखत फीत लावावी. दगडाच्या गाडीबरोबर वाहतुकीचा परवाना आहे का तेही विचारावे. दगड, मुरूम, वाळू ही गौण खनिजे असून जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या ४८ व्या कलमान्वये विनापरवाना उत्खननास दंड होतो. ज्या दगडांवर जुनी शेवाळे आणि दगडफुले आहेत म्हणून कोणी जास्त दर सांगितला, तर ते कुठल्या तरी डोंगराच्या अंगावरून ओरबाडलेले आहेत हे ओळखून परत पाठवावेत.

झाडांच्या बाबतीतही तेच. पश्चिम घाटातील कासचे पठार २०१२ सालापासून जागतिक वारशात आहे. तिथून एक कंदही उपटून आणणे हा अपराध आहे. शिंदळ माकुडीसारखी दुर्मीळ वनस्पती, जी शिवनेरीसारख्या किल्ल्यांच्या कड्यांवर कशीबशी टिकून आहे, ती रोपवाटिकेत छाटाने वाढवलेली मिळाली तरच घ्यावी. बाकी कोरफड, पानफुटी, थोर, अडेनियम, कडेला चिनी गुलाब, एवढ्यावर सुंदर बाग होते. घायपात लावायचा तर त्याला ऐसपैस जागा सोडावी. थोराचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. मांडणी झाल्यावर एक पावसाळा दगडांना बसू द्यावे आणि मांसल झाडे दसऱ्यानंतर लावावीत. गच्चीवर हा बेत करू नये; फूटभर लांब-रुंद-उंच काळ्या पाषाणाचे वजन सुमारे ८० किलो भरते. बाकी धीर धरावा, नियमित लक्ष द्यावे, हे सांगायला नकोच.

आता व्यवहाराची गोष्ट. करारनाम्यात दगडांखालच्या प्रत्येक थराचा तपशील आणि प्रत्येक जिन्नसाचे नेमके नाव लिहून घ्यावे, 'कापड' यासारखा मोघम शब्द राहू देऊ नये. 'थर उघडे असताना मालकास दाखवून सही घेतल्याशिवाय वरचे काम करू नये' हे कलम अवश्य घालावे. आणि एकूण मोबदल्याचा चौथा हिस्सा पहिला पावसाळा उलटेपर्यंत हातात राखून ठेवावा. सचोटीचा मनुष्य या अटीला तयार होतो. वडार मामांनी तर ती ऐकून मान डोलावली. आणि ज्या मक्तेदाराला तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याकडे पाहून देता येत नाही, तो कितीही स्वस्तात काम करीत असला तरी त्याला फाटकातूनच परत पाठवा.