मोठी बॅग आधी जाते

विमानतळावर आधी काउंटरवर मोठी बॅग वजन करून पट्ट्यावरून आत जाते, आणि हातातल्या पिशवीची झडती त्यानंतर होते. हा क्रम आमच्या जऊळका गावात कुणी कुणाला सांगत नाही. पिशवीत नको ती वस्तू निघाली, तर ती ठेवायला मोठी बॅग तेव्हा हाताशी नसते. वस्तू तिथेच सोडावी लागते. आमचंही असंच झालं.

ताईच्या बाळंतपणासाठी आई बंगळूरुला निघाली होती, सोबतीला मी. डिंकाचे लाडू, खोबऱ्याच्या वाट्या, घरचं तिखट, सगळं तयार होतं. आमचा प्रवास म्हणजे अकोला-पूर्णा मार्गावरची गाडी. तिच्यात किती पिशव्या चढवल्या, कुणी विचारत नाही. मोठी बॅग पंधरा किलोंना टेकली, तसं उरलेलं हातातल्या पिशवीत गेलं. निघताना काकूंनी तिखटाची आणखी एक पुडी सरकवली, आजीने आईच्या सुपारीसाठी अडकित्ता घातला. समृद्धी महामार्गावरून विमानतळावर वेळेत पोचलो, मोठी बॅग दिली, आणि झडतीच्या ठिकाणी पिशवी यंत्रातून बाजूला काढली गेली. वाट्या, तिखट, अडकित्ता तिथेच राहिले. लाडू सुटले.

झडती घेणारा जवान नीट बोलत होता. पण चार लोकांसमोर पिशवी उघडली म्हणजे आपल्यावर चोरीचा आळ आला, असं आईला वाटलं. विमानात बसेपर्यंत ती गप्प होती. वस्तूंचं काही नाही, पण तिला आधी समजावून सांगायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. म्हणून गावातून कुणी पहिल्यांदा विमानाने निघालं, की मी त्यांच्या घरी जाऊन बसतो.

सांगायला सुरुवात खोबऱ्यापासून करतो, कारण ते कुणाला खरं वाटत नाही. सुकं खोबरं हातातही चालत नाही आणि मोठ्या बॅगेतही नाही. त्यात तेल भरपूर. साठा करून ठेवला तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत खोबऱ्याला १३६३ हा क्रमांकच आहे. शबरीमलाच्या भाविकांना इरुमुडीतला, म्हणजे पूजेच्या गाठोड्यातला, नारळ विमानात जवळ ठेवता यावा म्हणून नागरी विमान सुरक्षा ब्यूरोने ऑक्टोबर २०२४ मध्ये सवलत दिली, तीही २० जानेवारी २०२५ पर्यंतचीच. बाळंतिणीसाठी खोबरं हवंच असेल तर ते तिकडे विकत घ्यावं; बंगळूरुला नारळाला काय तोटा!

तिखट, मसाले, लोणचं, चाकू, अडकित्ता हे सगळं मोठ्या बॅगेत. काडेपेटी आणि लायटर घरीच. पॉवर बँकचं मात्र उलटं आहे: ती हातातच ठेवायची, मोठ्या बॅगेत कधीच नाही. लिथियमची बॅटरी पेटली तर प्रवाशांच्या कक्षात कर्मचारी विझवू शकतात. खाली सामानाच्या कप्प्यात उडत्या विमानात कोण पोचणार? शंभर वॉट-अवरपर्यंतची पॉवर बँक वेगळ्या परवानगीशिवाय चालते, आणि वीस हजार एमएएचची नेहमीची पॉवर बँक साधारण चौऱ्याहत्तर वॉट-अवर भरते. तिच्यावरचा छापील आकडा पुसला गेला असेल तर ती नेऊ नये, तपासणाऱ्याला खात्री कशी पटणार?

हे नियम कुणाला छळायला केलेले नाहीत. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेलं आपलं विमान कंदाहारला पळवून नेलं, त्यानंतर फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून विमानतळ केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवायला सुरुवात झाली. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेण्याचा कट उघड झाला. परदेशी उड्डाणात हातातल्या द्रवाची प्रत्येक बाटली शंभर मिलीपर्यंतच, ही अट त्यातून आली. अट बाटलीच्या मापाची आहे, आतल्या द्रवाची नाही. दोनशे मिलीच्या बाटलीत तळाशी राहिलेलं तेलही अडतं. तूप आणि दहीही यात धरलं जातं. डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आवश्यक औषधं आणि तान्ह्या बाळाचं दूध यांना सूट असते.

दुबईला जाणाऱ्यांना आणखी एक सांगतो. आपली खसखस तिथे अमली पदार्थांत मोडते. ती इकडच्या झडतीत सुटली तरी तिकडे तुरुंगवास होऊ शकतो, म्हणून लाडवातसुद्धा घालू नका.

आणि पिशवी, जो नेणार आहे त्यानेच भरावी. दारात कुणी प्रेमाने पुडी पुढे केली तर ती मोठ्या बॅगेत जावी. तिच्यासाठी दोन किलोंची जागा आधीच राखून ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आदल्या रात्रीच सांगा, की पिशवी उघडली तर घाबरायचं नाही, ती कुणाचीही उघडतात. बायकांची झडती पडद्याआड आणि बाईच घेते.